रविवारचा कोंबडा आणि डोळ्यांचं माप

ग्रीसमध्ये रविवारी दुकानं बंद असतात, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीतला पहिला रविवार होता. बाहेर धो धो पाऊस. आणि खोलीत खायला काय, तर घरून आणलेल्या चिवड्याची अर्धी पिशवी आणि एक काळं पडत चाललेलं केळं.

एका सेमिस्टरसाठी मी कॉर्फूला आले होते. विषय इतिहास. ग्रीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी घरं आणि निळे घुमट येतात, पण ते सगळं सँटोरिनीचं. कॉर्फू हे ग्रीसच्या पश्चिमेला, अल्बानियाला अगदी खेटून असलेलं बेट. इथली घरं पिवळी, गुलाबी, चार-पाच मजली आणि एकमेकांना चिकटलेली. मधे इतक्या अरुंद गल्ल्या, की समोरासमोरच्या खिडक्यांना दोऱ्या बांधून लोक कपडे वाळत घालतात. माझी खोली अशाच एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर होती.

दुपारचे बारा वाजले असतील. घरी फोन लावला, तर तिकडे साडेतीन. सगळे जेवून आडवे झालेले. ‘जेवलीस का?’ या आईच्या प्रश्नावर ‘हो, मस्त’ असं ठोकून दिलं आणि फोन ठेवला. तेवढ्यात जिन्यातून वास आला. परतलेला कांदा, दालचिनी, लवंग. क्षणभर वाटलं, खाली कुणीतरी मटण टाकलंय. आपलं मटण.

वासामागोमाग तीन जिने उतरले. तळमजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या, सत्तरी ओलांडलेल्या. दार अर्धवट उघडं होतं. त्यांनी मला पाहिलं, ग्रीकमध्ये काहीतरी लांबलचक बोलल्या आणि खुर्ची पुढे ओढली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण अर्थ शंभर टक्के कळला. ‘बस, जेव.’

ताटलीत जाडजूड पास्ता, त्यावर गडद लाल रस्सा, वर कोंबड्याची अख्खी तंगडी आणि किसलेल्या चीजचा सडा. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिखटामुळे नाही हां, तिखट फारसं नव्हतंच. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि ताटलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘पास्तित्सादा.’

तीन रविवार, तीन मापं

पास्तित्सादा म्हणजे कॉर्फूचा रविवार. आपल्याकडे जसं ‘रविवार म्हणजे मटण’ असं काही घरांत ठरलेलंच असतं, तसं. हल्ली बऱ्याच घरांत ते बीफचं होतं, पण जुनी पद्धत कोंबड्याची. तोही चांगला वयात आलेला, अंगणभर हिंडलेला कोंबडा. ग्रीकमध्ये कोंबड्याला म्हणतात ‘कोकोरास’. आरवणं शब्दातच आहे.

आणि हो, ‘पास्तित्सियो’ वेगळं. ते थर लावून ओव्हनमध्ये भाजतात, वर पांढरा सॉस असतो आणि ते सगळ्या ग्रीसमध्ये मिळतं. पास्तित्सादा भाजत नाहीत, शिजवतात. मंद आचेवर, तासन् तास.

त्या दिवशी ताट पुसून खाल्ल्यावर मी ट्रान्सलेटर अ‍ॅपमध्ये टाईप केलं, ‘मला शिकवाल?’ बाईंनी चष्मा लावून वाचलं, हसल्या आणि दोनच शब्द बोलल्या, ‘शनिवार. बाजार.’ त्यांनी मला नावानं हाक मारायची सक्त मनाई केली. म्हणाल्या, ‘याया’ म्हण. याया म्हणजे आजी.

पुढच्या शनिवारी आम्ही खाटकाकडे गेलो. यायांनी कोंबडा हातात घेऊन तंगडी दाबून पाहिली, नाक मुरडलं, दुसरा मागितला. मला वाटलं, ताजा नसेल. तसं नव्हतं. पहिला फार कोवळा होता. मी चक्रावले. आपण तर कोवळंच मागतो ना?

याचं उत्तर चुलीपाशी मिळालं, आणि मग पुस्तकांत वाचल्यावर नीट कळलं. जुन्या, हिंडत्याफिरत्या कोंबड्याच्या मांसात कोलॅजन जास्त असतं, म्हणून ते चिवट लागतं. पण तेच मंद आचेवर दोन-अडीच तास ठेवलं की कोलॅजन विरघळतं, त्याचं जिलेटिन होतं आणि रश्श्याला तो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. मैदा नाही, कॉर्नफ्लोअर नाही, क्रीम नाही. ब्रॉयलर चिकन पाऊण तासात शिजतं आणि नंतर नुसतं तुटत जातं. रस्सा पाण्यासारखाच राहतो. म्हणजे या पदार्थात चिवटपणा हा दोष नाही. उलट सगळी मजा त्याच्यामुळेच आहे.

आता माझी गंमत ऐका. मी पडले हिशेबी. पुण्याहून निघताना बॅगेत एक छोटा डिजिटल काटा घेतला होता, कारण विमानात किलोच्या वर गेलं की पैसे पडतात. तो काटा मी यायांच्या ओट्यावर ठेवला. त्या डब्यातून मसाला हातात घ्यायच्या, मी हात धरायचे, ‘थांबा थांबा, आधी इथे!’ आणि आकडा वहीत लिहायचे. याया वैतागायच्या, पण थांबायच्या.

पहिल्या रविवारी दालचिनी : 6 ग्रॅम. दुसऱ्या रविवारी : 9 ग्रॅम. तिसऱ्या रविवारी : 5 ग्रॅम, शिवाय लवंगा दोन जास्त, आणि व्हिनेगर जवळजवळ दुप्पट.

मी वही त्यांच्यापुढे धरली. नक्की माप कोणतं? त्यांनी तर्जनीनं डोळ्याखालची कातडी जराशी ओढली आणि म्हणाल्या, ‘मे तो माती.’ डोळ्यानं. डोळ्याच्या मापानं.

मला हसूच आलं. सातारा जिल्ह्यात आमचं गाव आहे. तिथे माझी आजी दर उन्हाळ्यात वर्षाची चटणी करते. चटणी म्हणजे आमच्याकडचा कांदा-लसूण मसाला. तिला कधीही विचारा, धणे किती, खोबरं किती, दगडफूल किती. उत्तर एकच, ‘अंदाजानं.’

स्पेत्सेरिको नावाची पुडी

यायांच्या डब्यातल्या त्या मसाल्याला कॉर्फूत ‘स्पेत्सेरिको’ म्हणतात. गरम मसाल्याचा लांबचा भाऊ म्हणा. त्यात दालचिनी, लवंग, जायफळ, मिरी, जिरं, तमालपत्र, गोड लाल मिरचीची पूड, थोडी तिखट मिरची आणि ऑलस्पाइस नावाचे मिरीसारखे गोल दाणे. या ऑलस्पाइसचा वास लवंग, दालचिनी आणि जायफळ एकत्र कुटल्यासारखा येतो. घराघरात प्रमाण वेगळं. कुणी जिरं घालत नाही, कुणी जायफळ घालत नाही, आणि प्रत्येकाला शेजारच्या घरातलं चुकीचं वाटतं. हे तर आपल्याला अगदीच ओळखीचं!

नावाची गोष्ट आणखी छान आहे. व्हेनिसच्या बोलीत औषधांच्या आणि मसाल्यांच्या दुकानाला जो शब्द होता, त्यावरून कॉर्फूत औषधाचं दुकान म्हणजे ‘स्पेत्सिएरिया’. तेव्हा मसाले हे औषधच मानले जायचे आणि तिथेच वजन करून मिळायचे. तिथून घरी येणाऱ्या मिश्रणाचं नाव पडलं स्पेत्सेरिको.

पण ग्रीक बेटावर व्हेनिसचे शब्द आले कुठून? इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे हा प्रश्न मला जेवताना पडला. त्याचं उत्तर शोधायला मात्र पुढे भरपूर वेळ मिळाला, कारण फेब्रुवारी संपला आणि यायांनी कोंबडा बंद केला.

तिकडचा श्रावण

ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांमध्ये ईस्टरच्या आधी मोठा उपवास असतो, चाळीस दिवस आणि वर पवित्र आठवडा. मांस नाही, अंडी नाहीत, दूध-चीज नाही. मासाही नाही, वर्षातले एखाद-दोन ठरावीक सण सोडले तर. पण ऑक्टोपस चालतो! शिंपले चालतात! कारण त्यांना रक्त नसतं, असं मानतात. मी हे फोनवर आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘आपल्याला साबुदाणा चालतो, तसंच की.’

या काळात मी ग्रंथालयात बसून कॉर्फूचा इतिहास वाचत होते. व्हेनिसनं या बेटावर 1386 पासून 1797 पर्यंत राज्य केलं. चारशेहून जास्त वर्षं. बाकीचा बहुतेक ग्रीस ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात होता, कॉर्फू मात्र त्यांना कधीच घेता आलं नाही. 1537 मध्ये वेढा पडला, 1716 मध्ये तर फार मोठा, पण गाव टिकलं. लोकांना तटबंदीच्या आतच राहावं लागलं, जागा अपुरी पडली, म्हणून घरं वर वर चढत गेली. मी रोज जे तीन जिने चढायचे, त्याचं कारण हे होतं.

नंतर नेपोलियनचे फ्रेंच आले. मग 1815 पासून ब्रिटिश. त्यांनी मागे काय ठेवलं असेल, ओळखा? क्रिकेट! कॉर्फूत पहिला सामना 1823 मध्ये झाला, गावातल्या मोठ्या मैदानावर. ग्रीसमध्ये क्रिकेट म्हटलं की आजही कॉर्फूच. ‘त्सित्सिबिरा’ नावाचं आल्याचं सरबतही आहे. तो शब्द दोनदा मोठ्यानं म्हणून बघा, आत ‘जिंजर बिअर’ ऐकू येते. 1864 मध्ये ब्रिटिश गेले आणि बेट ग्रीसमध्ये आलं.

आता पास्तित्सादाच्या ताटलीकडे पुन्हा बघा. नाव इटलीचं. व्हेरोना शहरात ‘पास्तिस्सादा’ नावाचा एक पदार्थ आजही करतात, वाईनमध्ये मुरवून हळूहळू शिजवलेलं घोड्याचं मांस. हो, घोड्याचं. कॉर्फूत घोडा गेला आणि कोंबडा आला. पास्ताही इटलीच्या बाजूनं आला. टोमॅटो तर अमेरिका खंडातला. तो ग्रीसच्या स्वयंपाकघरात रुळला एकोणिसाव्या शतकात. म्हणजे व्हेनिसचे लोक इथून निघून गेले तेव्हा या ‘पारंपरिक’ लाल रश्श्यात बहुधा लालपणाच नव्हता! लाल मिरची आणि ऑलस्पाइस, दोन्ही अमेरिकेकडचे.

आणि उरलेले मसाले? ते आपल्या बाजूचे. मिरी मलबारची, दालचिनी श्रीलंकेची, लवंग आणि जायफळ आणखी पूर्वेकडच्या मलुकू बेटांवरचं. अरबी समुद्र ओलांडून ते इजिप्तला जायचे, तिथल्या अलेक्झांड्रिया बंदरातून व्हेनिसची जहाजं ते उचलायची. कॉर्फू त्या जहाजांच्या वाटेवरचा थांबा होता. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोचला आणि युरोपला दुसरी वाट सापडली. त्याच्याही आधीची ही वाट. ग्रीकमध्ये मिरीला म्हणतात ‘पिपेरी’. हा शब्द मुळात आपल्याकडचा, संस्कृत ‘पिप्पली’वरून गेलेला. आपली पिंपळी! त्या पहिल्या रविवारी मला जिन्यात घरचा वास उगाच आला नव्हता.

मग एक दिवस मी यायांना जरा आगाऊपणे म्हटलं, ‘याया, तुमच्या पास्तित्सादात तुमचं असं काहीच नाही. नाव इटलीचं, टोमॅटो अमेरिकेचा, मिरी आमची.’

त्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘मग तुम्ही करा ना तिकडे पास्तित्सादा. केलीत का इतकी वर्षं?’

गप्प बसले. आणि आपला साबुदाणा आठवला. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचा, बटाटा तिकडचा, हिरवी मिरची तिकडची. साबुदाण्याच्या खिचडीत आपलं काय? जिरं-तुपाची फोडणी, आणि एकादशीला सकाळी कुणीतरी ओट्याशी उभं राहतं ते. तेवढ्यानं ती आपली झाली. इतकी आपली, की देवालाही चालते.

ऊन थांबत नाही

एप्रिलमध्ये आजीचा फोन आला. म्हणजे आईनं लावून दिला. आजीनं विचारलं, ‘मिरच्या आणल्यात. वाळत घालू का?’ दरवर्षी मी परीक्षेचं कारण सांगून चटणीच्या वेळी गावी जायचं टाळते. डोळे झोंबतात, शिंका येतात, दिवसभर निवडत बसावं लागतं. डंकावर रांग लावायला जायचं तर विचारूच नका. पण यंदा मी म्हटलं, ‘आजी, थांब ना. मी जुलैत येते. मला काट्यावर सगळं मोजून लिहून घ्यायचंय.’

आजी हसली. ‘अगं, ऊन थांबतंय होय तुझ्यासाठी? जुलैत पाऊस पडंल.’

तिचं वय 81. मागच्या वर्षी तिनं पहिल्यांदा चटणीत मीठ दोनदा घातलं होतं. घरात कुणी बोललं नाही, वर्षभर भाजीत मीठ कमी घातलं आणि निभावून नेलं. मला ते आत्ता आठवलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ मी तशीच बसून होते.

रात्री खाली गेले. यायांना सगळं सांगितलं, अ‍ॅपवर, मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये. त्यांनी उठून कपाट उघडलं आणि एक जुनी वही काढली. वाटलं, आता त्यात रेसिपी असणार. वहीत त्यांच्या आईच्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. केक, जॅम, लिंबाचं लोणचं. पास्तित्सादाचं पान कुठेच नाही. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, ‘केक सहा महिन्यांत एकदा व्हायचा, तो विसरायला होतं. पास्तित्सादा दर रविवारी व्हायची. कोण लिहिणार?’

रोजचं म्हणून कुणी लिहीत नाही. आणि रोजचं असतं तेच आधी जातं. यायांचा मुलगा जर्मनीत, मुलगी अथेन्समध्ये. दोघांनाही पास्तित्सादा प्रचंड आवडते. दोघांनाही ती करता येत नाही. दोघंही सुटीत येतात तेव्हा तयार जेवायला बसतात. मी कोणत्या तोंडानं त्यांना नावं ठेवू?

त्या रात्री मी आईला मेसेज केला. चटणी करताना आजीचा व्हिडिओ काढ. चेहऱ्याचा नको, हातांचा. आणि प्रत्येक वाटी ओतण्याआधी काट्यावर ठेव. आजीनं ओरडलं तरी ठेव.

माझी पास्तित्सादा

ईस्टर झाला आणि कोंबडा परत आला. मे महिन्यातल्या एका रविवारी यायांनी जाहीर केलं की आज त्या खुर्चीवर बसणार आणि मी करणार. वरच्या मजल्यांवरची एक्स्चेंजची सगळी मंडळी जेवायला. मी वही उघडली, तर त्यांनी ती मिटून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

पहिली चूक लगेच. मी कोंबड्याचे सगळे तुकडे एकदम पातेल्यात टाकले. त्यांना पाणी सुटलं आणि ते भाजायच्या ऐवजी नुसते उकडायला लागले, पांढरे फटक. यायांनी जीभ टाळ्याला लावून ‘त्स्’ केलं. तुकडे काढले, पुसून कोरडे केले, आणि तीन-तीन करून तेलात टाकले. चांगले तपकिरी होईपर्यंत हलवायचे नाहीत. पातेल्याच्या तळाशी जो खरपूस थर धरतो, तोच पुढे रश्श्याची चव होतो.

मग कांदा. मला घाई झाली होती, मी आच वाढवली. यायांनी कमी केली. ‘सिगा, सिगा.’ हळू, हळू. कांदा वीस मिनिटं, अगदी विरघळेपर्यंत. मग लसूण, मग मसाला तेलात. जरा परतला की वास बदलतो. कच्चा, कोरडा वास जातो आणि गोडसर वास येतो. तो क्षण काट्यावर दिसत नाही. मी पातेल्यावर वाकून वास घेत राहिले आणि एकदम म्हटलं, ‘आत्ता!’ यायांनी मान हलवली. वाईन ओतली, तळ खरवडला, व्हिनेगर, टोमॅटो, कोंबडा, झाकण.

पुढचे अडीच तास काही करायचं नसतं, आणि सगळ्यात अवघड तेच असतं. दर दहा मिनिटांनी झाकण काढावंसं वाटतं. आम्ही दोघी खिडकीशी बसलो. तीन तासांचा स्वयंपाक म्हणजे खरं तर एक तासाचं काम आणि दोन तासांच्या गप्पा. कदाचित म्हणूनच तो रविवारचा असतो.

शेवटी चव घेतली. काहीतरी कमी होतं. मी यायांकडे पाहिलं, त्या मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या. मी पुन्हा चाखलं. टोमॅटो गोड निघाला होता. व्हिनेगर हवं होतं. एक चमचा, मग अर्धा आणखी. तेव्हा तिसऱ्या रविवारचं ते दुप्पट व्हिनेगर डोक्यात लख्ख उजेड पडल्यासारखं कळलं. तीन रविवारची मापं वेगळी नव्हतीच. कोंबडा वेगळा होता, टोमॅटो वेगळा होता, वाईन वेगळी होती. चव एकच होती. याया माप बदलत होत्या, चव बदलू नये म्हणून.

आठ जण जेवायला होते. एक पोलिश मुलगी म्हणाली, तिच्या आजीच्या घरी असा वास नाताळात येतो. यायांनी दोन घास खाल्ले, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘मिरी जास्त आहे.’ मग थोडं थांबून, ‘पण तू तिकडची. चालेल.’

आईचे व्हिडिओ आले आहेत. एकूण 14. आजीचे हात, मागे कावळ्यांचा आवाज, काट्यावरचे आकडे, आणि आजीचं ‘मोज बाई मोज, मोजून काय चव येती का?’ मी सगळं वहीत उतरवलंय, पास्तित्सादाच्या पुढच्या पानावर. पण ते माप आहे, चटणी नाही, हे आता मला माहीत आहे. पुढच्या एप्रिलमध्ये परीक्षा असो की नसो, मी गावी जाणार आहे. शिंका आल्या तर आल्या.

करून बघायची असेल तर

(सहा जणांसाठी. ही मापं यायांच्या तीन रविवारांची सरासरी आहेत, तेव्हा चाखून बदला.)

साहित्य : गावठी कोंबडा दीड ते दोन किलो, आठ तुकडे. ऑलिव्ह तेल अर्धी वाटी. मोठे कांदे चार, बारीक चिरून. लसूण पाच पाकळ्या. पिकलेले टोमॅटो अर्धा किलो, किसून. टोमॅटो पेस्ट दोन मोठे चमचे. रेड वाईन एक ग्लास. व्हिनेगर दोन मोठे चमचे. पोकळ जाड पास्ता अर्धा किलो. वरून किसायला कडक, खारट चीज. कॉर्फूत केफालोतिरी वापरतात, इथे पार्मेजान चालेल.

मसाला : दालचिनीचे दोन तुकडे, पाच लवंगा, पाच-सहा ऑलस्पाइस (नसेल तर लवंग एक वाढवा), तमालपत्र दोन, मिरपूड अर्धा छोटा चमचा, जायफळ चिमूटभर, जिरेपूड चिमूटभर, काश्मिरी मिरचीपूड एक मोठा चमचा.

कृती : तुकडे पुसून कोरडे करा, मीठ लावा आणि थोडे थोडे करून तेलात तपकिरी भाजा. काढून ठेवा. त्याच तेलात कांदा मंद आचेवर वीस मिनिटं परता. लसूण, मग मसाला, मग टोमॅटो पेस्ट घाला. वाईन ओतून तळ खरवडा. वाईन नको असेल तर तेवढंच चिकन स्टॉक आणि आणखी एक चमचा व्हिनेगर. टोमॅटो, व्हिनेगर आणि कोंबडा घाला, तुकडे जेमतेम बुडतील इतकंच गरम पाणी घाला. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दोन ते अडीच तास. उकळी खळखळ नको, अधूनमधून एखादा बुडबुडा पुरे. मांस हाडापासून सुटायला लागलं आणि रस्सा दाट झाला की झालं. ब्रॉयलर असेल तर पाऊण तासात कोंबडी बाहेर काढा आणि रस्सा एकटाच आटवा.

पास्ता भरपूर मिठाच्या पाण्यात, पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी उकडा. रश्श्यातले तुकडे बाजूला काढून पास्ता रश्श्यात घाला, पास्त्याचं पाणी पळीभर घालून दोन मिनिटं घोळवा. ताटात आधी पास्ता, वर कोंबडा, वर चीज.

आणि एक. एकट्यानं करू नका. कुणालातरी शेजारी उभं करा, वास घ्यायला.